दुरुस्तीचं वाक्य

तीस वर्षांत एकही मालिका मी पूर्ण पाहिलेली नाही.
सेट उघडायचा, डाग द्यायचा, लावून बघायचा,
आणि लावला की नेमकी जाहिरात.
म्हणून जाहिरातींवर मत द्यायचा हक्क
घणसोलीत कुणाला असेल तर मला आहे.

मत असं:
पांढऱ्या शर्टावर चहा सांडतो आणि आई हसते,
हे खोटं आहे.
पण ते खोटं तीस सेकंदांत आटपतं,
चप्पल न काढता दारातूनच बोलून निघून जातं.
आपल्याला ठाऊक असतं, विकायला आलं होतं.

मग पिठाच्या गिरणीवाल्यांची उत्कर्षा
इयरफोनची तुटकी वायर घेऊन आली.
फोन टेकवला रिकाम्या कॅबिनेटांच्या ढिगावर,
आणि मी, मान खाली, कुणाच्या तरी सेटबद्दल म्हणालो,
"आवाज आहे, चित्र नाही."

एवढंच. चार सेकंद.
दुसऱ्या दिवशी ते वाक्य माझ्याआधी रबाळ्याला पोचलं.

नव्या सुनेनं सासऱ्यांकडे बोट दाखवून ते लावलं.
बॅनरवरच्या हात जोडलेल्या साहेबांखाली उभं राहून
कॉलेजच्या पोरांनी लावलं.
फुसफुसणाऱ्या नळाखाली कोरडी बादली धरून
सेक्टर नऊच्या बायकांनी,
आणि त्यांचं सगळ्यात खरं होतं.
तोंडं त्यांची, घसा माझा.
मलाही गंमत वाटली, खोटं कशाला बोलू.
एकशेबारापर्यंत मोजलं मी.
बायको म्हणाली, "एवढे शब्द कधी माझ्याशी बोलला असतात तर."

दिवाळीच्या तोंडावर एक सेट टेस्टिंगला लावला.
चित्र आलं: झकपक दुकान,
दोरीनं चष्मा बांधलेला माझ्या वयाचा माणूस,
हातात स्क्रूड्रायव्हर, धरलेला असा की
त्यानं आयुष्यात फक्त चमचा धरला असेल.
ओठ हलले. आवाज नव्हता,
स्पीकरची तार मीच सोडली होती.
जोडली.
माझंच वाक्य. गळा दुसऱ्याचा, तुपातला.
मग पडदाभर नवाकोरा टीव्ही, भिंतीएवढा, हप्त्यांवर,
आणि खाली ठळक अक्षरांत:
जुना द्या, नवा न्या.

उत्कर्षा भडकली. नोटीस पाठवू म्हणाली.
मी म्हटलं, पोरी, वाक्यावर काय सिरियल नंबर असतो?
फार शहाण्यासारखं बोललो असं वाटलं तेव्हा.

पण गिऱ्हाईक यायचं, सेट ठेवायचं,
मी लावून बघायचो
आणि जे सांगायचं तेच तोंडातून निघेना.
निघालं तर फोन बाहेर यायचे.
"काका, परत एकदा. जरा इकडे बघून."
सेट तसाच पडलेला, पाठ उघडी.
मी म्हणू लागलो, डिस्प्ले गेलाय.
डिस्प्ले!
दुसऱ्याची कवळी बसवावी तसा शब्द.

सतरा दिवसांत ट्रेंड संपला, म्हणे.
आता सगळे एका बकरीच्या शिंकेवर नाचतात.
बकरीला माझ्या शुभेच्छा.
कुणीतरी तिला सांगायला हवं,
की सर्दी झाली तर आता जपून.

काल गोठिवलीच्या चंद्रीबाई म्हात्रे आल्या.
रिक्षातून, जुना डबा टीव्ही मांडीवर, वर टॉवेल.
त्यांच्याकडे फोन नाही, नातवाकडे आहे,
आणि नातू आखातात.
काउंटरवर सेट टेकवला, पदरानं कपाळ पुसलं,
"आवाज हाय रं," म्हणाल्या, "पन चित्र नाय."

मी मान वर केली.
हसत नव्हत्या त्या.
"कधीपासून?" मी विचारलं,
आणि मागचे स्क्रू काढायला घेतले.